व्याह्यांची खोली, बोटीच्या टोकाला

गोंदियात बसून मी समुद्र विकला. आमच्या जिल्ह्यातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र दिसण्याआधी एक तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, नाहीतर शेजारची दोन राज्यं. आमचं मोठं पाणी म्हणजे इटियाडोह धरणाचं, आणि तेही कालव्याने धानाच्या बांध्यांत जाऊन गुमान उभं राहतं. अशा गावात स्टेशनजवळच्या गल्लीत माझं टूर्सचं दुकान होतं, काचेवर पांढऱ्या बोटीचा मोठा फोटो होता, आणि त्या फोटोखाली बसून मी, कुडव्याची मेश्राम ताई, लोकांना बोटीत कोणत्या मजल्यावर झोपावं ते सांगत असे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पर्यटन व्यवसायातल्या संधींवर लिहायला सांगितलं होतं. संधींबद्दल मला फारसं माहीत नाही. मला उलटीबद्दल माहीत आहे. त्यामुळे फराळाचं ताट समोर घेऊन वाचायला बसला असाल, तर आधी ते संपवा.

सुरुवात बोधगया-सारनाथच्या बसपासून झाली. आमच्याच वस्तीतली माणसं, आमचेच डबे, भाड्याची बस. त्या फेऱ्यांमध्ये मी गाडी लागणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. असा माणूस निघताना सगळ्यांत जास्त बोलतो, आणि मग एकदम गप्प होतो. तो गप्प झाला की ड्रायव्हरला हाक मारायची, एवढं मला कळायला लागलं. पुढे विमानाची तिकिटं आली, आणि मग आमच्या राईस मिलवाल्यांना क्रूझचा शोध लागला. एकाने डेकवरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि महिनाभरात सगळ्या धान्याच्या गंज बाजाराला समुद्राची हवा मानवायला लागली.

आता धंद्यातली गोष्ट सांगते. बोट दोन तऱ्हांनी हलते. तिचं नाक वर-खाली होतं आणि अंग डावी-उजवीकडे झुकतं. शाळेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर उडतं, मधोमध उभं असलेलं नुसतं बघतं. झाडाचा शेंडा हलतो, बुंधा हलत नाही. झालं, माझी विद्या इथे संपली. ज्याला बोट लागते त्याने खालचा मजला घ्यावा आणि बोटीच्या लांबीच्या मधोमधची खोली घ्यावी. खिडकी मिळाली तर फार चांगलं, कारण दूरची आडवी रेघ डोळ्यांना दिसत राहिली की डोकं थाऱ्यावर राहतं. अगदी मागे जाऊ नये, तिकडे इंजिनाची थरथर असते. खोलीचा नंबर नकाशा बघून आपणच निवडावा. कंपनी देईल ती घेऊ म्हटलं की कंपनी कोणालाच नको असलेली देते. औषध डॉक्टरला विचारून निघण्याआधी घ्यावं, पोट ढवळल्यावर नाही.

हे सांगायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नसे. पण खालची मधली खोली स्वस्त असते, आणि स्वस्त ते चांगलं असेल यावर आमच्या बाजारात कोणाचा विश्वास नाही. वरची, समोरची खोली सगळ्यांत महाग, सगळ्यांत मोठी, तिला बाल्कनी, तिला सोफा, आणि नाचतेही तीच सगळ्यांत जास्त. लोक जास्तीचे पैसे मोजून उलट्या विकत घेत होते आणि वर मला मिठाईचा डबा देऊन जात होते.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. कंपनीने एकदा आम्हा एजंट मंडळींना फुकट फिरवलं होतं, आणि फुकट्यांना द्यायची ती खोली मला दिली होती, थेट बोटीच्या नाकावर. बाकीचे एजंट डेकवर फोटो काढत होते. मी बाथरूमच्या फरशीवर बसून ठरवत होते की जिवंत परत गेले तर दुकान बंद करून पिठाची गिरणी टाकीन.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगू! एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांचा प्रश्न असा, की बोट मधे कुठे थांबते का, म्हणजे नाहीच झेपलं तर उतरून परत येता येईल. एक सराफाच्या घरची बाई म्हणाली, "दीदी, ऊपर का ही देना. नीचे से फोटो में क्या आएगा?" वरची दिली. बाल्कनीतला एक फोटो आला, त्यानंतर परत येईपर्यंत काही आलं नाही. एका ठेकेदाराला कोणी तरी सांगितलं होतं की पोटाला वर्तमानपत्र बांधलं की मळमळत नाही. त्याने कसर ठेवली नाही. बंदरावर सुरक्षारक्षकाने त्याला बाजूला घेतलं तेव्हा शर्टाखालून आठवड्याची रद्दी निघाली. न वाचता वर्तमानपत्राचा कोणाला एवढा आधार वाटलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

या सगळ्यांना मी पहिला प्रश्न विचारायचे, घरात गाडी कोणाला लागते? उत्तर ठरलेलं, कोणालाच नाही. मग मी विचारायचे, मागे कचारगडच्या गुहा बघायला गेला होता, रस्त्यात किती वेळा थांबलात? मग नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. आपल्याकडे माणूस शुगर झाल्याचं बारशासारखं सांगत फिरतो, पण गाडी लागते हे सांगायचं म्हणजे घराण्याला डाग. का, ते मला कापगते भाऊ येईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

कापगते भाऊ म्हणजे राईस मिलचे मालक. मूळ गाव अर्जुनीकडलं, आजोबांनी गावचा तलाव बांधलेला. त्यामुळे पाणी या विषयावर त्यांना कोणी काही शिकवू शकत नव्हतं. ते दुकानात आले तेव्हा बरोबर मुलगी होती, प्रणाली. तिचं लग्न सडक अर्जुनीच्या लांजेवारांकडे झालं होतं, पण गेले कित्येक महिने ती माहेरी होती. गावाला माहीत असलेलं कारण असं, की लग्नात जानवशाच्या खोलीतला एसी बंद होता आणि वरमाय रात्रभर घामाघूम झाली. तेव्हापासून सासरी टोमणे सुरू झाले, आणि एक दिवस प्रणाली बॅग घेऊन निघून आली.

कापगते भाऊंनी यावर इलाज शोधला होता. खोलीमुळे बिघडलं, तर खोलीनेच सुधारायचं.

"ताई, बोटीवर सगळ्यात वरची, सगळ्यात समोरची, सगळ्यात मोठी खोली व्याह्यांले. तिच्या बाजूची जावयाले अन् पोरीले. आमाले कुठंबी टाका, खाली."

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "विहीणबाईंना गाडी लागते का?"

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी विहीणबाईंचं वजन विचारलं. "असं इहिनीले कसं इचारू जी? मुलीचा बाप हाओ मी."

"लागते," काचेवरच्या बोटीकडे बघत प्रणाली म्हणाली.

"तू चूप राय."

ती चूप राहिली नाही. "ताई, एसीचं सगळं नंतर काढलं. खरं ते वेगळंच झालं. चुलत नणंदेच्या साक्षगंधाला निघालो होतो. सासरे आधीच पुढे गेले होते, ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बाकी सगळे नातेवाईक. सासूबाई मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी उठून ड्रायव्हरला म्हटलं, थांबवा, आईंना गाडी लागते. त्याने थांबवली. त्या दिवसापासून आई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. समोर बसून जेवायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्यांचं बघून घरात कोणीच बोलेना. मी काय करणार होते तिथे राहून?"

मी बोटीचा नकाशा टेबलावर पसरला आणि कापगते भाऊंना सी-सॉ सांगितला, झाड सांगितलं, खालची मधली खोली बोट ठेवून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी कीव केल्यासारखं हसले.

"ताई, तुमी बसवाल्या. पान्याचं मले सांगू नोका. तलावाची पाळ फुटते तं खालूनच फुटते. वरून फुटलेली पाळ पायली का कधी?"

"भाऊ, बोट म्हणजे पाळ नाही."

"पानी तं पानीच हाये ना जी? अन् लोक काय म्हनतीन? कापगत्यानं व्याह्यांले तळघरात टाकलं!"

मानपान आणि जलविज्ञान दोन्ही त्यांच्या बाजूने होतं, मी एकटी पडले. बुकिंग त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालं. फक्त प्रणालीने नवऱ्याच्या खोलीत राहायला नकार दिला. "इतक्या महिन्यांत त्याचा एक फोन आला," ती म्हणाली, "तोही 'माझा चार्जर तिकडे राहिला का' म्हणून. आधी नीट बोलू दे." मी एक ग्रुप घेऊन त्याच बोटीवर जाणार होते आणि माझी खोली अर्थातच खाली, मधोमध होती. ती माझ्या खोलीत आली.

पावसाळा तोंडावर आलेला, समुद्र कुरकुरायला लागलेला. मुंबईला बोटीत चढलो तेव्हा मात्र सगळं छान होतं. विहीणबाई शालू नेसून वर गेल्या. त्यांनी सोफा दाबून पाहिला, बाथरूमचे नळ उघडून पाहिले, मग भिंतीजवळ जाऊन हात वर धरला. "हं," त्या म्हणाल्या, "एसी चालू हाये." कापगते भाऊ आत पाऊल न टाकता दाराशीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्या संसाराचं गाडं रुळावर आलं असं त्यांना त्या एका वाक्यावरून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राने आपलं काम सुरू केलं. खाली स्वस्तात झोपलेले कापगते नवरा-बायको नाश्त्याला पुरी-भाजी खात होते, ताजेतवाने. वरून कोणी उतरलं नव्हतं. फोन केला तर विहीणबाईंना उपवास होता. कसला, ते सांगितलं नाही. व्याह्यांना पित्त झालं होतं. जावईबापूंची झोप झाली नव्हती. एका घरात तीन दुखणी, आणि बोट एकालाही लागलेली नाही!

कापगते भाऊ घाबरले. "खोली पसंत नाई पडली का त्याईले?" मग मानपानात कमी नको म्हणून त्यांनी वर श्रीखंड पाठवलं. थोड्या वेळाने तळलेले काजू पाठवले. मी अडवत होते, पण मुलीचा बाप एकदा मान द्यायला निघाला की त्याला अडवणं कोणाच्या हातात नसतं.

प्रणालीने हातातली इडली ताटात ठेवली आणि उठली. मी मागोमाग गेले.

वरच्या खोलीत भिंतभर काच, पडदे उघडे, आणि काचेत अख्खा समुद्र वर जातो, खाली येतो. व्याही पलंगावर डोळे मिटून पडले होते. विहीणबाई कालच्याच शालूत, सोफ्याचा पाय धरून खाली बसल्या होत्या. श्रीखंडाची वाटी टेबलावर इकडून तिकडे सरकत होती. सुनेला बघून त्या म्हणाल्या, "आली? आता जा, साऱ्या बोटीले सांगून ये."

प्रणालीने टॉवेल ओला करून आणला, सासूचं तोंड पुसलं, केस मागे धरले. तेवढ्यात जे व्हायचं ते पुन्हा झालं. सगळं आवरल्यावर ती म्हणाली, "आई, खाली आमच्या खोलीत चला. तिथे एवढं हलत नाही."

"इहिनीनं मुलीकडच्याच्या खोलीत जाऊन झोपाव का? तेबी खालच्या माळ्यावर?"

"विहीणबाई," मी म्हटलं, "ती खोली मुलीकडच्यांची नाही, माझी आहे. मी कोणाचीच विहीण नाही."

आम्ही दोघींनी त्यांना धरून लिफ्टने खाली आणलं आणि माझ्या पलंगावर आडवं केलं. बोटीवरच्या डॉक्टरने औषध दिलं. गोल खिडकीतून समुद्राची रेघ दिसत होती, जवळजवळ स्थिर. कोरडा टोस्ट, दोन घोट पाणी, थोडी झोप, असं करता करता दुपारनंतर त्यांच्या तोंडावर रंग आला. आवाजही आला.

"चारचौघांत कायले बोलली तू तवा?"

प्रणाली टोस्टचे तुकडे करत होती. "मग गाडी थांबवायची कशी होती, आई?"

विहीणबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. "माह्या लग्नापासून कोनी थांबवली नाही. पदरात करत होतो. उतरलो का लुगडं धुत होतो. तुह्या सासऱ्याले आजबी मालूम नाही. त्या दिवशीबी मले पित्त झालं असंच त्याईले सांगितलं."

"एवढ्या वर्षांत मालूम नाही? एका गाडीत बसता ना तुम्ही?"

"ते समोर बसतेत ना. समोरची सीट घरच्या मोठ्या माणसाची. मांगं कोन काय करून राहिलं, ते त्याईले कसं दिसन?"

मला त्या बाईचा फार राग होता. पोरीला महिनोन् महिने अबोल्याची शिक्षा देणारी बाई, मला ती डोळ्यांसमोर नको होती. तो राग तिथे संपला, म्हणजे तिच्यावरचा संपला आणि वरच्या पलंगावर पित्त होऊन पडलेल्या माणसावर गेला. इतकी वर्षं मी परक्या माणसांना बोटीतली चांगली जागा शिकवत होते, आणि ही बाई स्वतःच्या घरच्या गाडीत जन्मभर वाईट जागेवर बसली होती. तिने ती जागा बदलून मागितली नाही. जिने तिच्यासाठी तोंड उघडलं, तिला घरात राहणं मुश्कील केलं. मला वाईटही वाटलं आणि चीडही आली.

"घरी येशीन का?" विहीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," प्रणाली म्हणाली. "तुम्ही गप्प, तुमचा मुलगा गप्प. त्या घरात बोलणारी मी एकटी, आणि बोललं की शिक्षा. अशी कशी येऊ?"

तो बाकीचा प्रवास विहीणबाई माझ्या पलंगावर झोपल्या, मी खाली गादी टाकली. सासू-सुनेच्या गप्पा रंगल्या आहेत असं बाहेर जाहीर झालं. कापगते भाऊंना आमच्या खोलीत खरं काय चाललंय ते कळलं नाही. ते वरच्या खोलीत ताटं पाठवत राहिले. जावईबापू एकदा भिंती धरत धरत आमच्या दाराशी आले. प्रणालीने त्यांना दोन टोस्ट दिले, पण आत बोलावलं नाही.

परतीच्या विमानाने नागपूरला उतरलो. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, एक गोंदियाला जाणारी, एक सडक अर्जुनीला. प्रणालीने कोणाला न विचारता आपली बॅग वडिलांच्या डिकीत ठेवली. कापगते भाऊंचा चेहरा उतरला. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. एवढा मान दिला, एवढी मोठी खोली दिली, आणि पोरगी जिथून निघाली तिथेच परत चालली होती.

व्याही आता ठणठणीत झाले होते. त्यांनी आपल्या गाडीचं समोरचं दार उघडलं, बसले, पट्टा लावला. ड्रायव्हर मागचं दार धरून उभा होता. विहीणबाई काही बसेनात.

"चाल ना," व्याही आतून म्हणाले.

"मले गाडी लागते," विहीणबाई म्हणाल्या.

आवाज चांगला मोठा होता. शेजारच्या गाडीत सामान भरणाऱ्या लोकांनीही मान वळवली. कापगते भाऊ सभ्य माणूस, ते एकदम विमानतळाची पाटी वाचायला लागले.

"काय लागते?"

"गाडी लागते म्हटलं मले. लग्न झालं तवापासून. उलट्या होतेत. बोटीतबी झाल्या, साऱ्या शालूवर झाल्या. मी समोर बसीन."

व्याह्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने आपल्या चपलांकडे पाहिलं. शेवटी व्याह्यांनी पट्टा सोडला आणि खाली उतरले. उतरल्यावर कुठे उभं राहावं हे त्यांना कळत नव्हतं. विहीणबाई समोरच्या सीटवर बसल्या, काच खाली केली आणि सरळ पुढे बघत राहिल्या.

प्रणालीने वडिलांची डिकी उघडून बॅग काढली आणि पलीकडच्या गाडीकडे निघाली. जावईबापू पुढे आले. "मी घेतो," ते म्हणाले, आणि लगेच, "मी फोन करायला पाहिजे होता." तिने बॅग त्यांच्या हातात दिली.

कापगते भाऊ माझ्याजवळ येऊन रुमालाने डोळे पुसायला लागले. "पायलं ना ताई? वरची खोली घेतली म्हनून जमलं. तुमचं आयकून खालची घेतली असती तं आज पोरगी आपल्याच गाडीत असती."

आता गोंदियातला जो तो मुलीचा बाप व्याह्यांसाठी वरची, समोरचीच खोली मागतो, आणि दुकान सांभाळणारी माझी पुतणी ती आनंदाने विकते. त्यात जास्त कमिशन आहे.

त्या दिवशी तिकडे लांजेवारांची गाडी सुरू झाली होती. मागच्या सीटवर मधे प्रणाली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासरे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यासारखे. प्रणालीने पर्समधून विमानातली कागदी पिशवी काढली, उलगडली आणि सासऱ्यांच्या हातात दिली.

"मागं हलते, बाबा," ती म्हणाली. "लाजू नका. सांगजा, मी थांबवीन गाडी."